उजव्या पेडलवरचा पाय

इंजिन बंद पडलं तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते आणि विमानात माणसं दोनच होती. बाकी सगळा माल: औषधांची खोकी, टपालाच्या पिशव्या, शाळेचे बारा बाक आणि कुणाचं तरी वॉशिंग मशीन. दोन इंजिनांचं, दोन पंख्यांचं जुनं मालवाहू विमान. लहान गावांना सामान पोचवायचं आणि रिकामं परत यायचं, एवढंच त्याचं काम.

डाव्या खुर्चीत कॅप्टन होते. वय पंचावन्न, बोलणं मोजकं. कंपनीतली तरुण मंडळी त्यांना काका म्हणायची. उजव्या खुर्चीत को-पायलट होती, सव्वीस वर्षांची. तिची उंची बेताची. पाय पेडलपर्यंत नीट पोचावेत म्हणून पाठीमागे ठेवायला ती घरून एक जाड उशी घेऊन यायची, त्यामुळे तिचं नावच उशी पडलं होतं. "आज कोणाबरोबर?" "उशीबरोबर." "मग झोप काढ." हा विनोद रोज कोणीतरी करायचं आणि ती रोज हसल्यासारखं करायची.

त्या दिवशी विमान कॅप्टन चालवत होते. उशीचं काम वेग वाचून सांगण्याचं. विमान धावपट्टीवर पळायला लागलं, तिने नेहमीच्या आवाजात आकडे सांगितले. एक ठराविक वेग असतो. त्याच्या आत काही बिघडलं तर थांबायचं. तो ओलांडला की काहीही झालं तरी उडायचंच, कारण थांबायला पुढे धावपट्टी उरत नाही. तो वेग ओलांडला. कॅप्टननी नाक उचललं. चाकांनी जमीन सोडली आणि डाव्या बाजूला धप्पकन आवाज झाला, जड पोतं वरून पडावं तसा.

दोनातलं एक इंजिन गेलं की विमान सरळ जात नाही. चालू इंजिन आपली बाजू पुढे ढकलतं, मेलेली बाजू मागे राहते, नाक तिकडे वळतं आणि तो पंखही खाली जायला लागतो. यावरचा पहिला उपाय पायाशी असतो. डावं इंजिन गेलं तर नाक उजवीकडे ओढणारं उजवं पेडल दाबायचं, सगळी ताकद लावून, आणि दाबूनच ठेवायचं. बाकीचं नंतर. पायलटच्या अंगात हे इतकं भिनवलेलं असतं की झोपेतून उठवलं तरी तो आधी पाय हलवेल आणि मग डोळे उघडेल. कॅप्टन दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरच्या परीक्षेत हे करून दाखवायचे, कधी चुकले नव्हते. पण परीक्षेत इंजिन बंद पडणार हे आधीपासून ठाऊक असतं.

त्या दुपारी त्यांचा पाय हलला नाही.

समोरच्या काचेतून धावपट्टी उजवीकडे सरकत गेली, तिच्या जागी गवत आलं, मग कुंपण. कॅप्टनना सगळं दिसत होतं. काय करायचं तेही कळत होतं. पण गुडघ्याखालचा पाय दुसऱ्याच कोणाचा असावा तसा पडून होता. आणि मग, त्यांचा बूट पेडलवर नुसता टेकलेला असताना, ते पेडल बुटाखालून निघून पुढे गेलं. हळूहळू नाही, एका दणक्यात. डावं पेडल तेवढंच मागे येऊन त्यांच्या डाव्या तळव्यावर आदळलं. नाक थांबलं, थरथरलं आणि परत सरळ झालं.

त्यानंतर कॅप्टन भानावर आले. पाय पुढे गेला आणि त्या दबलेल्या पेडलवर बसला. चालू इंजिनाच्या बाजूला विमान जरासं कलतं धरलं, चाकं आत घ्यायला सांगितली, वेग राखला. कुठलं इंजिन गेलंय ते दोघांनी मोठ्याने बोलून पक्कं केलं आणि मगच त्या बाजूचा पंखा, वाऱ्याला अडू नये अशी पाती वळवून, थांबवला. विमान कुरकुरत वर चढलं. एक लांब वळसा घालून अकरा मिनिटांनी ते त्याच धावपट्टीवर उतरले. शेजारून आगीचा बंब धावत होता.

विमान उभं राहिल्यावर उशीने टॉवरला धन्यवाद दिले. तेवढ्या एकाच शब्दावर तिचा आवाज चिरकला.

कॅप्टननी हेडफोन काढला. "तुझे पाय कुठे होते?"

त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. पण प्रश्न पोलिसी थाटात बाहेर पडला. मागच्याच वर्षी दुसरे एक कॅप्टन चालवत असताना न विचारता मध्ये पाय घातला म्हणून एका को-पायलटला सहा महिने उड्डाण बंद करून जमिनीवर बसवलं होतं. उशीला ते पाठ होतं.

"खाली होते, काका. जमिनीवर."

"नक्की?"

"नक्की."

विमानातल्या नोंदीच्या पेटीवरूनही काही कळलं नाही. दोन्ही खुर्च्यांची पेडलं आतून एकमेकांना जोडलेली असतात. एक दाबलं की दुसरं आपोआप जातं. उजवं पेडल वेळेत पूर्ण दाबलं गेलं, एवढं पेटीने सांगितलं. कोणाच्या पायाने, ते पेटीला माहीत नसतं. कंपनीने कॅप्टनना कौतुकाचं पत्र दिलं. त्यात प्रसंगावधान हा शब्द दोनदा आला होता.

पाय कोणाचा होता हे कॅप्टनना मात्र माहीत होतं. निदान त्यांची तशी खात्री पटली होती.

नऊ वर्षांपूर्वी ते स्वतः उजव्या खुर्चीत होते आणि डावीकडे दादा होता. दादा म्हणजे त्यांच्या बायकोचा थोरला भाऊ. आधी मित्र, मग मेहुणा. याच जातीचं विमान, असंच उड्डाण, हेच डावं इंजिन. ते विमान कुंपणापलीकडच्या मोकळ्या जमिनीवर आडवं पडलं. दादा गेला. कॅप्टन खांद्याचं हाड मोडून वाचले. त्या काळी असल्या छोट्या विमानांत नोंदीची पेटी नसायची, त्यामुळे चौकशीत बोलणारा माणूस एकच होता. दादाने पेडल लगेच दाबलं होतं, पण वजन जास्त होतं, विमानाने ऐकलं नाही, असं त्यांनी सांगितलं. तसंच लिहिलं गेलं आणि फाईल बंद झाली.

आता दादा आला होता. कॅप्टन असल्या गोष्टी मानणारे नव्हते, पण बुटाखालून पेडल जाताना त्यांनी अनुभवलं होतं, ते कसं नाकारणार? आणि भीतीच्या खाली एक दुसरीच भावना होती, जी त्यांनी कोणाला सांगितली नाही. दादा रागावलेला नव्हता. रागावला असता तर त्याने पेडल दाबलं नसतं. त्याने रागवावं असं काय घडलं होतं, हे एकट्या कॅप्टनना ठाऊक होतं.

पुढच्या उड्डाणापासून ते एक गोष्ट करायला लागले. धावपट्टीच्या तोंडाशी विमान उभं राहिलं की आपला उजवा बूट पेडलवर जरासा कडेला सरकवायचे. दुसऱ्या बुटाला जागा व्हावी म्हणून.

दादाचं नाक सदा चोंदलेलं असायचं. माईक चालू असला की त्याचा श्वास बारीक शिट्टीसारखा हेडफोनमध्ये ऐकू यायचा. तो आवाज परत यायला लागला. विमान पळायला लागलं की सुरू व्हायचा आणि ढगांच्या जवळ पोचेपर्यंत राहायचा.

"तुला सर्दी झालीय का?" कॅप्टननी एकदा उशीला विचारलं.

"नाही, काका."

"श्वासाचा आवाज येतोय."

तिने आपला माईक बंद केला. आवाज येतच राहिला.

बायकोला त्यांनी तिसऱ्या दिवशीच सांगितलं होतं. ती एका हॉस्पिटलच्या औषधांच्या खिडकीवर कामाला होती. दिवसभर लोकांची घाबरलेली तोंडं बघून तिला कशाचं नवल वाटेनासं झालं होतं. पण हे ऐकताना तिच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"म्हणजे पाय तुझा नव्हता?"

"नाही."

"तिचाही नाही?"

"ती नाही म्हणते."

तिने चमचा खाली ठेवला. मग म्हणाली, "दादा होता." आणि नऊ वर्षांत दादाचं नाव घेऊन पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर हसू आलं.

तिने ते आईला सांगितलं. आई म्हणजे कॅप्टनच्या सासूबाई, वय एक्याऐंशी, मुलगा गेल्यापासून यांच्याकडेच मागच्या खोलीत राहायच्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सत्तावीस वर्षं काढलेली. आता गुडघ्यांनी साथ सोडली होती पण कान शाबूत होते. त्या रोज संध्याकाळी जावयाला खुर्ची ओढून शेजारी बसायला लावायच्या.

"सांग. पेडल कसं गेलं? हळू का जोरात?"

"जोरात, आई."

"हं. त्याचं सगळं जोरातच. दार लावायचा तर शेजारचे जागे व्हायचे."

घर बदललं. इतकी वर्षं दादाचं नाव आलं की सगळे आवाज खाली आणायचे. आता जेवताना त्याच्या गोष्टी निघायच्या. त्याने एकदा बहिणीची सायकल रंगवली होती आणि रंग वाळायच्या आत तिला बसवलं होतं, ही हकिकत आईंनी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सांगितली. कपाटातला त्याचा फोटो भिंतीवर आला. कॅप्टन त्या हसण्यात हसायचे आणि टेबलाखाली त्यांना उजव्या पायाखालची फरशी खाली गेल्यासारखी वाटायची. एकदा गाडी चालवताना तसं झालं. त्यानंतर त्यांनी गाडी चालवणं सोडलं.

पाच आठवडे असे गेले. मग आईंनी ठरवलं की त्या मुलीला भेटायचं.

"ती होती ना तिथे? मग तिला चहाला बोलाव. मला तिचे आभार मानायचेत."

"तिचे कशाला?"

"अरे, साक्षीदार आहे ती."

उशी रविवारी चारच्या सुमाराला आली. इस्त्रीचा शर्ट, हातात फुलं. फुलं कोणाच्या हातात द्यायची ते तिला कळेना, तेव्हा बायकोने ती घेतली आणि तिला आईंसमोर बसवलं. आईंनी तिचा हात हातात धरला.

"तुला काही जाणवलं का गं? गार वारा, काही?"

"नाही, आजी."

"विमानात आवाज फार असतो, आई," कॅप्टन म्हणाले.

"आवाजाचं मला नको सांगूस. अख्खा जन्म कानाला आवाज लावून काढलाय." त्या पुन्हा मुलीकडे वळल्या. "माझ्या मुलाने दाबलं ते पेडल. त्याच्या स्वतःच्या वेळेला त्याने दाबलं होतं, पण विमानाने ऐकलं नाही. या वेळेला ऐकलं. तू बघितलंस ना, आपोआप गेलं ते?"

उशीने कप बशीत ठेवला. चहा बशीत सांडला. तिने एकदा कॅप्टनकडे बघितलं, एकदा भिंतीवरच्या फोटोकडे.

"मी समोर बघत होते, आजी," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "मला निघायला हवं."

कॅप्टन तिला सोडायला खाली निघाले. तिसरा मजला. दुसऱ्या मजल्यावर विजेच्या मीटरपाशी ती थांबली.

"काका, तो माझा पाय होता."

कॅप्टन दोन पायऱ्या वर उभे होते.

"तू तर म्हणालीस, जमिनीवर होते."

"तुम्ही ज्या आवाजात विचारलंत ना, मला वाटलं, चिडलात. न विचारता पाय घातला म्हणून. मग तुमच्या कौतुकाचं पत्र आलं आणि बोलायची सोयच राहिली नाही. आणि खरं सांगू का, मला वाटलं तुम्हाला माहितीय. शेजारीच तर बसलो होतो आपण. मला वाटलं, तुम्ही मला सांभाळून घेताय." ती भराभर बोलत होती. "मी खुर्ची अगदी पुढे घेऊन बसते. पाय पेडलच्या जवळच असतात माझे. नाक वळलं, मी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही समोर बघत होतात. मी दाबलं."

"न विचारता?"

"विचारायला वेळ कुठे होता? दोन दिवस मांडी दुखत होती माझी. भुताची दुखत नाही, काका." मग तिचा आवाज बारीक झाला. "वर त्या आजी माझा हात धरून बोलत होत्या. मला ते सहन नाही झालं."

कॅप्टन पायरीवर बसले.

"तेव्हा भीती नाही वाटली?" त्यांनी विचारलं. "नियमाची. माझी."

"नंतर वाटली," ती म्हणाली.

ती गेल्यावरही ते तिथेच बसून होते. शेजारचे एक गृहस्थ भाजीची पिशवी घेऊन वर आले, त्यांना वाट देण्यासाठी ते भिंतीला टेकले. वेळ नव्हता, विमान दुसऱ्याच्या हातात होतं, नियम होता. नऊ वर्षं त्यांनी स्वतःला हेच सांगितलं होतं. त्या मुलीकडेही तेवढाच वेळ होता आणि तोच नियम.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आईंच्या आठवड्याच्या गोळ्या लावत बसली होती. सात खणांची प्लास्टिकची डबी, एकेका खणात चार चार गोळ्या. कॅप्टन समोर येऊन बसले आणि म्हणाले, "त्या दिवशीचा पाय तिचा होता. त्या मुलीचा. तिने काल सांगितलं."

तिने मान वर केली नाही. "मग ती आधी खोटं का बोलली?"

"घाबरून. पण ते सोड. मला दुसरं सांगायचंय. दादाने पेडल दाबलं नव्हतं."

"कधी?"

"तेव्हा. त्याच्या वेळेला. त्याचा पाय हललाच नाही."

आता तिने वर बघितलं.

"नाक डावीकडे निघालं," कॅप्टन म्हणाले. "मी उजवीकडे बसलो होतो. माझ्या पायाशी तेच पेडल होतं. विमान त्याच्या हातात होतं, मला वाटलं, दाबेल आता. त्याने मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं."

"काय म्हणाला?"

"काही नाही. नुसतं बघितलं. आणि मी त्याच्याकडे बघत राहिलो."

"किती वेळ?"

"तीन सेकंद. चार असतील."

तिने एका खणात गोळी टाकली. तिथे ती आधीच होती. जास्तीची काढून तिने बाटलीत परत टाकली आणि बाटलीचं झाकण लावायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला.

"तू मला नऊ वर्षं सांगतोयस की त्याने दाबलं होतं."

"त्याच्यावर ठपका नको म्हणून."

"त्याच्यावर?"

कॅप्टन म्हणाले, "माझ्यावरही."

बाहेर कोणीतरी गालिचा झटकत होतं. तिने गोळ्यांच्या बाटल्या एकीकडे सारल्या.

"पाच आठवडे तो घरात होता रे," ती म्हणाली. "आई हसत होती." तिने डबी बंद केली आणि उठली. "आईला मी नाही सांगणार. तुला सांगायचं तर तू सांग."

त्यानंतर अकरा दिवस ती कामापुरतंच बोलली. जेवण वाढलंय, पाणी जाणार आहे, बँकेतून फोन होता.

त्याच आठवड्यात कॅप्टननी कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहिलं. दोन्ही उड्डाणांबद्दल, सरळ. प्रमुखांनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "हे परत घ्यायचंय का? अजून कोणी बघितलेलं नाही." कॅप्टन नाही म्हणाले. त्यांनी स्वतःच उड्डाण बंद केलं. जुनी फाईल पुन्हा उघडली, नवीन चौकशी बसली, त्यांना चार वेळा बोलावलं गेलं. शेवटी त्यांना लायसन्स परत करावं लागलं आणि कंपनीने माल कुठे किती ठेवायचा याचा हिशोब करणाऱ्या खोलीत एक टेबल दिलं. उशीला तीन तास प्रश्न विचारले. तिला एकाच पाकिटात दोन कागद मिळाले: एकात पेडल दाबल्याबद्दल कौतुक, दुसऱ्यात ते लपवल्याबद्दल ताकीद. नाव उशीच राहिलं, पण झोपेचा विनोद बंद झाला.

आईंना सांगायला कॅप्टनना तीन आठवडे लागले. रोज संध्याकाळी त्या विचारायच्या आणि ते म्हणायचे, आज डोकं दुखतंय. मग एका सकाळी, नाश्ता झाल्यावर, ते मागच्या खोलीत गेले आणि त्यांनी सांगितलं. आईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, "पुन्हा. सावकाश."

त्यांनी पुन्हा सांगितलं.

"त्याने तुझ्याकडे बघितलं तेव्हा तो घाबरलेला होता?"

"नाही, आई. घाबरलेला नव्हता. वाट बघत होता."

"कसली?"

"माझी."

आईंनी गुडघ्यावरची शाल सारखी केली. एक टोक दुसऱ्या टोकावर बरोबर आणून ठेवलं, हाताने दाबलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "दार ओढून घे जाताना."

त्यांनी परत कधी ती गोष्ट विचारली नाही. रागावल्याही नाहीत. टेबलावर मीठ मागितलं तर पुढे करायच्या, थंडी वाढली की स्वेटर घाल म्हणायच्या. पण जावयाच्या चेहऱ्याकडे बघायच्या नाहीत. मीठ देताना मिठाकडे बघायच्या, बोलताना खिडकीकडे. फोटो मात्र भिंतीवरच राहिला, तो कोणी काढला नाही.

श्वासाचा आवाजही थांबला नाही. कॅप्टनना वाटलं होतं, पाय मुलीचा निघाला म्हणजे तोही गेला. पण आता तो हेडफोनशिवाय यायला लागला. ऑफिसात आकडे मांडताना, दाढी करताना, जिन्यावर. पूर्वी त्यांना त्यात माफी ऐकू यायची, तशी आता येत नव्हती. रागही ऐकू येत नव्हता. वाट बघणारा माणूस शेजारी बसून श्वास घेत असतो, तसा तो होता. त्यांनी तो बंद व्हावा म्हणून काही केलं नाही. डॉक्टरांकडे जा, असं प्रमुख म्हणाले होते. ते गेलेही, पण तिथे झोपेबद्दल बोलून परत आले.

चार महिन्यांनी एका शनिवारी बायको म्हणाली, "मला ती जागा बघायचीय."

"कुठली?"

"जिथे तो पडला ती. मी कधी गेलेच नाही."

गाडी तिने चालवली. विमानतळाच्या मागच्या बाजूने एक कच्चा रस्ता कुंपणाच्या कडेकडेने जात होता. कॅप्टन खिडकीतून बघत होते आणि त्यांना काही ओळखता येत नव्हतं. जिथे मोकळी जमीन होती तिथे आता टायरचं गोदाम उभं होतं, पत्र्याचं, निळं. समोर ट्रक लावायला सिमेंटचं पटांगण. दोघं खाली उतरले. ती पटांगणाच्या कडेला जाऊन उभी राहिली.

"कुठे?"

त्यांनी धावपट्टीच्या टोकाकडे बघितलं, मग गोदामाकडे, मग परत. "इथेच कुठेतरी. त्या दाराच्या आसपास."

"नक्की सांग."

"नाही सांगता येत."

गोदामाचा रखवालदार खुर्चीतून उठून आला. काय हवंय म्हणून त्याने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. "इथे आधी काय होतं ते बघत होतो."

"आधी काहीच नव्हतं," रखवालदार म्हणाला. "नुसतं गवत होतं." आणि तो परत जाऊन बसला.

ते दोघं निघाले नाहीत. धावपट्टीवर एक विमान पळायला लागल्याचा आवाज आला. तो वाढत गेला, कुंपणाच्या वर विमानाचं नाक दिसलं, मग पोट, आणि ते त्यांच्या डोक्यावरून गेलं, इतकं खालून की गोदामाचा पत्रा थरथरला. तिने कॅप्टनचा दंड धरला. गेल्या कित्येक आठवड्यांत तिने त्यांना हात लावला नव्हता.

"दोन्ही चालू आहेत का?" तिने विचारलं.

कॅप्टन ऐकत राहिले. विमान लहान झालं, उजवीकडे वळलं, ढगाच्या कडेला गेलं.

"हो," ते म्हणाले. "दोन्ही."

विमान दिसेनासं झालं तरी तिने दंड सोडला नाही आणि ते दोघं तिकडेच बघत उभे राहिले.